हार्टचं पंपिंग बघायचंय: नजरेने की ईपीएसएस मोजून?

कॅज्युअल्टीत पेशंट धापा टाकत येतो, बीपी लो, कार्डिओलॉजिस्ट घरी, मग ड्युटी डॉक्टरच इकोचा (हार्टच्या सोनोग्राफीचा) प्रोब छातीला लावतो आणि त्याला एवढंच हवं असतं की पंपिंग बरं आहे, कमी आहे की पार गेलंय. नजरेने बघणं म्हणजे डाव्या कप्प्याच्या भिंती जाड होऊन आत येतायत का, मायट्रल व्हॉल्व्हचा (डाव्या कप्प्यात रक्त सोडणाऱ्या झडपेचा) पुढचा पडदा उघडताना सेप्टमपर्यंत (डाव्या-उजव्या कप्प्यांमधल्या भिंतीपर्यंत) जातोय का, बस्स. काही सेकंदांचं काम, पण हात आणि डोळा बसलेला पाहिजे, नवख्याला सगळंच "ठीक" दिसतं.

ईपीएसएसमध्ये (ई-पॉइंट सेप्टल सेपरेशन) एम-मोड, म्हणजे एकाच रेषेवरची हालचाल दाखवणारा मोड, लावून त्याच पडद्याचं टोक आणि सेप्टम यातलं कमीत कमी अंतर मोजायचं, 7 मिमीच्या वर गेलं की पंपिंग कमी असल्याचा संशय. आकडा मिळतो म्हणून ज्युनिअर लोकांना भारी वाटतं, पण लाइन तिरकी पडली की आकडाच चुकतो, आणि मायट्रल स्टेनोसिसमध्ये, म्हणजे ही झडप अरुंद झाली असेल तर (आपल्याकडे रुमॅटिक तापाने झडप खराब झालेले पेशंट काय कमी आहेत का!) पडदाच नीट उघडत नाही त्यामुळे पंपिंग चांगलं असूनही अंतर जास्त येतं, एओर्टिक व्हॉल्व्ह लीक असेल तरी तेच. मी तरी आधी डोळ्यावर जाईन, डाउट असला तरच मोजेन, आणि सकाळी फुल टूडी इको करायचाच.