अमेरिकन फुटबॉलचे खेळाडू रेखाटायला शिकवणारे पुस्तक: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या सप्टेंबरात पिट्सबर्गमध्ये फुटबॉलचा हंगाम सुरू होत असताना नऊ वर्षांच्या मुलासाठी मी हे पुस्तक घेतले. दोन आठवड्यांत त्याचा उत्साह ओसरला आणि पुस्तक माझ्याकडे आले. शाळेत असताना मी इंटरमिजिएट ग्रेड परीक्षा दिली होती आणि स्मरणचित्रासाठी माणसे काढून काढून हात बसला होता, त्यामुळे हे सहज जमेल असे मला वाटले होते. पण या खेळाडूचा चेहरा जाळीआड असतो, मान शोल्डर पॅडमध्ये, म्हणजे खांद्यांवरच्या जाड संरक्षक कवचात, बुडालेली असते, आणि नेहमीची प्रमाणे लावायला गेले की सगळेच फसते.

चेंडू आणि हेल्मेट ही या पुस्तकातली सर्वांत चांगली प्रकरणे आहेत. चेंडू आपण हटकून खारकेसारखा सडपातळ काढतो. प्रत्यक्षात व्यावसायिक सामन्यातला चेंडू सुमारे ११ इंच लांब असतो आणि त्याचा मधला घेर सुमारे २१ इंच भरतो, म्हणजे जाडी जवळपास पावणेसात इंच. हे प्रमाण एकदा ध्यानात आले की चेंडू आपोआप हातात मावेल असा दिसू लागतो. हेल्मेटसाठी आधी वर्तुळ, मग कानाचे छिद्र, आणि त्या छिद्रावरून जबड्याची कड ठरवायची, हा क्रम मला फार उपयोगी पडला. फेसमास्कच्या, म्हणजे चेहऱ्यापुढच्या जाळीच्या, सळ्या सरळ रेघांनी काढल्या की खिडकीचे गज दिसतात. मनगटावरच्या बांगड्यांसारख्या त्या वळवल्या, तरच आत चेहरा असल्याचा भास होतो.

हेल्मेटवरील चिन्हांबाबत मात्र पुस्तक गप्प आहे. डावीकडे धावणारा, पिट्सबर्गच्या स्टीलर्स संघाचा खेळाडू मी मोठ्या हौसेने रंगवला, तेव्हा मुलाने लगेच चूक दाखवली: "आई, त्यांचा लोगो फक्त उजव्या बाजूला असतो!" खरे तर हा विषय चित्रकाराच्या जिव्हाळ्याचा आहे, कारण व्यावसायिक फुटबॉलमध्ये हेल्मेटवर चिन्ह आणले ते रॅम्स संघाच्या फ्रेड गेर्की या कलेचे शिक्षण घेतलेल्या खेळाडूनेच, १९४८ मध्ये त्याने संघाच्या चामडी हेल्मेटांवर मेंढ्याची शिंगे स्वतः रंगवली होती.

माझी मुख्य तक्रार लाइनमनच्या, म्हणजे पुढच्या रांगेत समोरच्याला रेटणाऱ्या खेळाडूच्या, प्रकरणाविषयी आहे. एक हात जमिनीला टेकवून वाकलेला हा खेळाडू काढताना पुस्तक आधी शोल्डर पॅडचा ठोकळा काढायला लावते आणि त्याला हातपाय जोडत जाते. या पद्धतीने मी नोव्हेंबरभर जे काढले ते जर्सी चढवलेले कपाट होते. शेवटी पुस्तक मिटून मी उलट्या बाजूने सुरुवात केली: प्रथम कंबर, मग दुमडलेले गुडघे आणि टाचा, मग कण्याची रेघ, आणि असे उघडे शरीर उभे राहिल्यावरच त्यावर पॅड. पॅडने खांदे रुंदावतात, पण मुख्य भार पायांवर असतो, आणि टेकवलेल्या हातावर किती भार आहे यावरून तो पुढे झेपावणार की मागे सरकणार हे कळते. ही एवढी एक गोष्ट पुस्तकात कुठेच लिहिलेली नाही.

याच काळात मी अर्नी बार्न्स यांची चित्रे पाहत होते. १९६० च्या दशकात ते स्वतः लाइनमन म्हणून खेळले आणि पुढे चित्रकार झाले. त्यांच्या आकृत्या लांबवलेल्या, ताणलेल्या असतात, अनेकांचे डोळे मिटलेले असतात, तरीही कोण कोणाला रेटत आहे याविषयी शंका राहत नाही. मोजमाप बिघडले तरी चालेल, पण जोर कुठून येतो हे चुकता कामा नये, हे मला त्या चित्रांतून उमगले.

पळणाऱ्या खेळाडूंची पाने ठीक आहेत. हातमोज्यांना दिलेले एक पान अपुरे आहे. लहान मुलांना हेल्मेटपर्यंत मजा येईल, पुढे मोठ्यांनी सोबत बसावे लागेल. कागद इतका पातळ आहे की टूबी पेन्सिलने काढलेले खोडताना दोनदा फाटला, त्यामुळे सराव वेगळ्या कागदावरच करावा. बांधणी फेब्रुवारीत सुटली आणि लाइनमनची पाने सर्वांत आधी निखळली.