कूलरच्या दिवसांत हेडफोन अ‍ॅम्प: तारेवरचा की बॅटरीवरचा?

नागपुरात हेडफोन अ‍ॅम्प (फोन-लॅपटॉपचा आवाज हेडफोनसाठी वाढवणारी डबी) ऐकून घेता येत नाही, वाचून घ्यावा लागतो. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, मोदी नंबर दोनपासून मेन रोडपर्यंत फिरलात तर होम थिएटर मिळेल, डीजेचा अ‍ॅम्प मिळेल, गाडीतला मिळेल, मांडवात लावायचा मिळेल. हेडफोनचा मागितला की दुकानदार आधी तुमच्याकडे नीट पाहून घेतो आणि मग म्हणतो, "भाऊ, हेडफोनले अ‍ॅम्प कायले पाहिजे? ब्लूटूथवाला घेऊन जा ना." त्याचं अगदीच चुकत नाही. त्यावर पुढे येतोच.

मी हे लिहितोय ते साधारण माझ्यासारख्या माणसासाठी. बऱ्यापैकी हेडफोन आधीच घेतलाय, फोन आणि लॅपटॉप दोन्हीवर ऐकणं होतं, अ‍ॅम्पवर दहा-पंधरा हजारांच्या वर घालायचे नाहीत, आणि आवडलं नाही तर परत करण्याची कटकट नको. माझा हेडफोन बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो, ८० ओहमवाला (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप). ऐकणं मुख्यतः ख्यालाचं, त्यातही जुनी ध्वनिमुद्रणं. तुमचं ऐकणं वेगळं असेल तर खालच्या अर्ध्या गोष्टींना थोडं कमी वजन द्या.

आधी जे झटकन बाजूला होतं ते काढून टाकू. वाद्यांच्या दुकानात बेहरिंगरचा एचए ४०० मिळू शकतो. स्वस्त आहे, पण तो चार जणांना एकदम ऐकवायला केलेला, रेकॉर्डिंगवाल्यांच्या उपयोगाचा. मॅग्नी किंवा अ‍ॅटम हे टेबलावरचे अ‍ॅम्प अमेरिकेतून थेट मागवायचे तर तिथला अडॅप्टर तिथल्या व्होल्टेजचा येतो, कस्टम वस्तूच्या किमतीवर आणि वाहतुकीच्या खर्चावरही लागतं, आणि बिघडला तर परत धाडणं म्हणजे घोड्यापेक्षा नाल महाग. सोल्डरिंग येत असेल तर ओ२ हा घरी जोडायचा अ‍ॅम्प मात्र अजूनही राजा माणूस. २०११ साली एका निनावी माणसाने त्याचा आराखडा सगळ्यांसाठी खुला केला आणि पुढच्या वर्षी तो गप्प झाला तो झालाच. दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर चालतो. भिंतीवर चालवायचा तर त्याला एसी वीज देणारा अडॅप्टर लागतो, आणि दुकानात मागाल तेव्हा डीसीच हातात ठेवतात. हात शिवशिवत असतील तर जरूर करा, पण "स्वस्तात पडेल" या आशेने करू नका.

आता दुकानदाराचं म्हणणं. अ‍ॅपलचा टाइप-सी ते ३.५ डोंगल (फोनच्या चार्जिंगच्या जागी खोचून हेडफोन लावायची छोटी तार) साधारण १ व्होल्ट देतो. डीटी ७७० ची संवेदनशीलता १ मिलिवॅटला ९६ डेसिबल आहे. ८० ओहमचा हिशेब मांडला तर १ व्होल्टला १०७ च्या आसपास डेसिबल होतात, म्हणजे कान दुखतील इतका आवाज. तेव्हा "अ‍ॅम्पशिवाय हेडफोन वाजतच नाही" हे ऐकून घाबरू नका. आवाज पुरतो. कमी पडतो तो दोनच ठिकाणी. एक, बऱ्याच अँड्रॉइड फोनवर हा डोंगल पूर्ण जोर लावत नाही, आवाज दबून येतो. दुसरं, आकाशवाणीची जुनी मुद्रणं किंवा ७८ च्या तबकड्यांवरून उतरवलेली गाणी मुळातच इतकी हळू असतात की व्हॉल्यूम शेवटपर्यंत नेऊनही समाधान होत नाही. शिवाय त्याच व्हॉल्यूमला मध्येच जाहिरात आली की काळजात धस्स होतं. मला वरती थोडी जागा हवी होती, एवढ्यासाठीच पुढचा खटाटोप.

उरतात दोन घराणी. एक तारेवरचं, टेबलावर बसणारं: फिओचा के११, आयफायचा झेन डॅक वगैरे. दुसरं बॅटरीवरचं, खिशात मावणारं: क्युडेलिक्स ५के, फिओची बीटीआर मालिका. भाव हलत असतात, पण दोन्हींतली निवड आपल्या पल्ल्यात बसू शकते.

समोरासमोर ठेवले तर टेबलावरचा आधी मन जिंकतो, हे मान्य करायलाच हवं. मोठा गोल नॉब असतो, अंधारातही हाताला सापडतो. मोठ्या जाड पिनेचा सॉकेट असतो. चार्ज करायची भानगड नाही. यूट्यूबवर मैफल पाहताना तबलजीचा हात आणि थाप एकाच क्षणी येतात, ब्लूटूथवर कधीकधी थाप मागून येते. ताकद तर भरपूर, पुढेमागे ३०० ओहमचा सेनहायझर घेतलात तरी तो डगमगणार नाही. आवाजाच्या दर्जाचं विचाराल तर दोन्ही घराण्यांतला फरक मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. टेबलावरच्यावर डग्ग्याची घुमक थोडी भरीव वाटली. पण मी तो थोडा जास्त आवाजात ऐकत असणार अशी मला दाट शंका आहे, आणि मोजायला माझ्याकडे मीटर नाही.

म्हणजे कागदावर टेबलावरचाच. आणि मीही आधी तोच वापरला, लॅपटॉपच्या यूएसबीवर चालणारा. नाव देत नाही, कारण दोष त्याचा नव्हता. थंडीत त्याने जराही कुरकूर केली नाही. मग खिडकीत कूलर बसला.

ज्यांचा उन्हाळा एसीत जातो त्यांना हे कदाचित कळणार नाही, पण इथे पारा ४५ च्या वर गेला की कूलर दिवसरात्र चालतो. त्याचा स्वतःचा भणभणाट बंद कानांच्या हेडफोनमुळे बराच कमी होतो (म्हणूनच नागपुरात उघड्या कपांचा हेडफोन घेणाऱ्याने मार्च ते जून त्याचं काय करायचं ते आधीच ठरवावं). पण हा आवाज बाहेरून नव्हता, हेडफोनच्या आतून होता. विलंबित सुरू होतंय, गायकाने अजून आ लावलेला नाही, नुसते तानपुरे चालू आहेत, आणि त्यांच्या मागे एक बारीक घरघर. कूलरचा रेग्युलेटर मधोमध ठेवला की वाढते, फुल केला की कमी होते. लॅपटॉपचा चार्जर काढला की जवळजवळ नाहीशी.

कारण समजलं की चीड थोडी कमी होते. आजकालचे बरेच इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लाट कापून वेग कमी करतात. आपली वीज ५० हर्ट्झची, प्रत्येक लाटेचे दोन अर्धे, म्हणजे सेकंदाला १०० काप. वेग मध्यावर असताना लाट नेमकी शिखरापाशी कापली जाते, म्हणून तिथे घाण सर्वांत जास्त. ती घाण वायरिंगमधून लॅपटॉपच्या चार्जरमध्ये, चार्जरमधून यूएसबीच्या तारेत आणि तारेतून अ‍ॅम्पमध्ये येते. ज्या कूलरला मोटरच्या वाइंडिंगवरच हाय-मिडियम-लोचे खटके असतात, त्यात ही कापाकापी नसते.

आणि १०० हर्ट्झ म्हणजे सूर कोणता? पांढरी एकला (हार्मोनियमच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीला) लावलेल्या तानपुऱ्याच्या पंचमाची तार साधारण ९८ हर्ट्झवर बोलते. म्हणजे ती घरघर किंचित चढा पंचम लावून बसलेली असते, आणि दोघांची टक्कर होऊन सेकंदाला दोनेक हेलकावे येतात. गायक काळी एकचा असेल तर त्याचा पंचम १०४ च्या आसपास, मग तीच घरघर उतरलेला पंचम होते. सिनेमाच्या गाण्यात, ऑर्केस्ट्रात हे सगळं झाकून जातं. ख्यालात झाकायला काही नसतंच. एकदा कानाला ते कळलं की मग तानपुरा ऐकूच येत नाही, तेवढंच ऐकू येतं. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

यावर उपाय नाहीत असं नाही. रेग्युलेटर बदलला, त्याने बराच फरक पडला. उरली ती चार्जर जोडलेला असतानाची बारीक गुणगुण. भाड्याचं घर, जुनी वायरिंग, घरमालकाला "तानपुऱ्यात पंचम चढा येतोय" म्हणून अर्थिंग दुरुस्त करायला सांगणार कोण! यूएसबी आयसोलेटर नावाची डबी मिळते, ती विजेचं नातं तोडते आणि माहिती तेवढी पुढे जाऊ देते. साधी डबीसुद्धा २४ बिट ९६ किलोहर्ट्झ इतक्या दर्जाच्या आवाजापर्यंत पुरते. पण पलीकडे वीज बेताचीच देते, यूएसबीवरच जगणाऱ्या अ‍ॅम्पची भूक त्यात भागेलच असं नाही. अ‍ॅम्पला स्वतःचा अडॅप्टर असला तरी यूएसबीची तार लॅपटॉपला जोडलेलीच राहते, त्यामुळे तो उपाय अर्धाच. खरा उपाय ऑप्टिकल तार, तिच्यातून वीज जातच नाही. के११ ला ऑप्टिकल इनपुट आहे, टीव्हीला किंवा डेस्कटॉपला ती सोय असेल तर तुमचा प्रश्न मिटला. लॅपटॉपवर मात्र हल्ली ती शोधूनही सापडत नाही.

एक उपाय लोक हळूच कानात सांगतात: चार्जरची अर्थिंगची पिन काढून टाका. तेवढं करू नका. दर उन्हाळ्यात आपल्याकडे पत्र्याच्या कूलरचा शॉक लागून माणसं जातात. कूलर असलेल्या घरात अर्थिंगशी खेळ नको.

बॅटरीवरच्याला यातलं काहीच करावं लागत नाही. फोनवरून ब्लूटूथने गाणं येतं, भिंतीशी त्याचा कसलाच संबंध नाही. मी क्युडेलिक्स ५के वापरतो. साध्या सॉकेटमधून २ व्होल्ट देतो, डोंगलच्या दुप्पट, म्हणजे मला हवी होती तेवढी वरची जागा मिळाली. तानपुरे चालू असताना मागे काही नाही. रेग्युलेटर मध्यावर असला तरी नाही. इक्वलायझर (वरचे-खालचे सूर कमीजास्त करायची सोय) त्याच्या आतच साठवलेला राहतो, त्यामुळे डीटी ७७० चा वरच्या पट्टीतला टोचरेपणा एकदा दाबून ठेवला की फोन बदला, लॅपटॉप बदला, तो दाबलेलाच राहतो. ही सोय मी मागितली नव्हती, पण आता सोडवत नाही.

कटकटी त्याच्याही आहेत. बटणं एवढीशी, कोणतं दाबलं ते कळेपर्यंत गाणं पुढे गेलेलं असतं. अ‍ॅप पहिल्यांदा उघडलं की विमानाच्या कॉकपिटमध्ये बसल्यासारखं होतं. ब्लूटूथवर आवाज धाडायच्या पद्धतींपैकी आयफोनवाल्यांना एलडॅक मिळत नाही, एएसीवर भागवावं लागतं; मला त्यात काही कमी वाटलं नाही, पण मन खट्टू होणाऱ्यांनी आधीच जाणून घ्यावं. डीटी ७७० ची तार तीन मीटरची आणि अ‍ॅम्प काडेपेटीएवढा, त्यामुळे तार खुर्चीभोवती लोळत राहते. आणि बॅटरी म्हटली की ती म्हातारी होणारच, आपल्या उन्हात जरा लवकर. दुपारी स्कूटरच्या डिक्कीत विसरू नका, एवढं पथ्य पाळलंत तरी पुरे. लाइट गेली की टेबलावरचा इन्व्हर्टरच्या भरवशावर असतो आणि हा चालूच राहतो, हा फायदा आपल्याकडे तरी छोटा नाही.

तरी टेबलावरचाच घ्या, जर तुमच्या खोलीत एसी आहे, ऐकणं टीव्ही किंवा डेस्कटॉपवरून होतं आणि ऑप्टिकलची सोय आहे. मैफलींचे व्हिडिओ बघण्याचा नाद असेल तरी तोच. शंका असेल तर पैसे घालण्याआधी तुमच्याच घरात एक पडताळणी करा: लॅपटॉप चार्जरला लावा, कूलर मधल्या वेगावर ठेवा, हेडफोन सरळ लॅपटॉपमध्ये खोचा आणि गाणं न लावता व्हॉल्यूम वाढवा. घरघर आलीच तर चार्जर काढून बघा. तेव्हा ती थांबली तर तारेवरचा अ‍ॅम्प तुमच्याकडेही बहुधा तीच ऐकवेल. पडताळणी उन्हाळ्यातच करा, किंवा निदान पोटमाळ्यावरचा कूलर तेवढ्यापुरता खाली काढा.

बॅटरीवरचा घेतलात तर त्याच्या २.५ मिलिमीटरच्या बॅलन्स्ड (दोन्ही कानांच्या तारा वेगळ्या ठेवणाऱ्या) सॉकेटमध्ये ४ व्होल्ट मिळतात म्हणून महागडी केबल लगेच मागवू नका. डीटी ७७० ची तार कपातून निघतच नाही, त्यामुळे आपल्याला तो सॉकेट असून नसल्यासारखा. ते पैसे मखमली इअरपॅडच्या नव्या जोडीसाठी ठेवा. आपल्या मे-जूनच्या घामात पहिली जोडी फार दिवस टिकत नाही.