मात्रा नसलेली चित्रफीत

गेल्या श्रावणात मी एका अनोळखी विक्रेत्याकडून देवनागरी कळफलकाचा जुना पोर्टेबल टाइपरायटर २०,३०० रुपयांना घेतला आणि त्यात पुरता फसलो. रकमेपेक्षा मला अधिक लागलेली गोष्ट अशी की, गेली अकरा वर्षे मी हीच यंत्रे उघडून, धुऊन, जुळवून चालती करण्याचा छंद जोपासतो आहे, आणि तरीही ज्या खुणा मी दुसऱ्याला सहज दाखवल्या असत्या त्या मला स्वतःला दिसल्या नाहीत. हाच व्यवहार आणखी कोणाशी तरी होऊ घातला आहे, याची मला आता शंका नव्हे तर खात्री आहे. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

गोदरेज अँड बॉयसने १९५५ साली स्वदेशी टाइपरायटर बाजारात आणला आणि पुढे अनेक दशके आपल्या कचेऱ्या, न्यायालयाबाहेर बसणारे टंकलेखक आणि गल्लोगल्लीच्या टायपिंग इन्स्टिट्यूट अशा यंत्रांवर चालल्या. टंकलेखनाच्या शासकीय परीक्षा संगणकावर गेल्यावर इन्स्टिट्यूटवाल्यांनी आपली यंत्रे अक्षरशः किलोच्या भावाने भंगारात काढली. त्यामुळे टेबलावर ठेवायचे मोठे देवनागरी यंत्र पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात खटपट केल्यास आजही मिळते. माझ्याकडची तिन्ही तशीच आली आणि त्यांतल्या एकालाही मी तीन हजारांहून अधिक मोजलेले नाहीत. पेटीत बसणारे, हातात धरून नेता येईल असे देवनागरी यंत्र मात्र मी इतक्या वर्षांत प्रत्यक्ष पाहिलेले नव्हते, आणि विक्रेत्याने माझी नेमकी हीच भूक ओळखली.

जाहिरातीत त्याने यंत्र १९३० सालचे असून ते एका संस्थानच्या दप्तरात वापरले जात होते, असे लिहिले होते. सहा छायाचित्रे होती आणि काळा रंग आरशासारखा चमकत होता. मी दूरध्वनी केला तेव्हा समोरचा माणूस अत्यंत मृदू बोलला. यंत्र आजोबांचे आहे, घर विकायचे असल्यामुळे ते काढावे लागते आहे, भंगारवाल्याच्या हाती ते जाऊ नये आणि तुमच्यासारख्या जाणकाराकडेच जावे अशी घरच्यांची इच्छा आहे, असे त्याने सांगितले. ‘जाणकार’ हा शब्द त्याने त्या एका संभाषणात चार-पाच वेळा तरी वापरला असेल. मी त्याला रबरी रोलर नवा आहे का, शिरोरेषा अखंड येते का, यंत्राचा क्रमांक कोठे कोरलेला आहे, असे प्रश्न विचारले आणि प्रत्येक प्रश्नागणिक मीच त्याला शिकवत गेलो, हे आज लक्षात येते. रोलरवर नवे रबर चढवून घेतले आहे, असे तो लगेच म्हणाला. क्रमांकाचे एक जवळून काढलेले छायाचित्रही त्याने पाठवले. रेमिंग्टनसारख्या कंपन्यांच्या यंत्रांचे क्रमांक आणि निर्मितीची वर्षे यांच्या याद्या छंदिष्टांनी जुळवून ठेवलेल्या आहेत. त्या ताडून पाहिल्यावर साल जवळपास जुळले आणि माझा उरलासुरला संशयही गळून पडला. त्या छायाचित्रात क्रमांकाखेरीज यंत्राचा दुसरा कोणताही भाग दिसत नव्हता, याचा मी विचारच केला नाही.

यंत्र चालताना दाखवावे, अशी विनंती मी केली होती. तिला उत्तर म्हणून चाळीस-पंचेचाळीस सेकंदांची एक चित्रफीत आली. बोटे कळांवर पडत होती, घंटी वाजत होती, कॅरेज, म्हणजे कागद धरणारा सरकता भाग, सरकत होते आणि कागदावर ‘कमल नमन गवत भजन’ असे शब्द उमटत होते. ती चित्रफीत मी त्या रात्री दहा वेळा तरी पाहिली असेल. पाच हजार रुपये विसार म्हणून आधीच दिले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी १३,५०० रुपये पाठवले आणि संध्याकाळी पॅकिंग व विम्यासाठी त्याने मागितलेले १,८०० रुपयेही दिले. विम्याचा कोणताही कागद मला आजतागायत मिळालेला नाही.

पार्सल आठव्या दिवशी आले. कागद घालून मी पहिला शब्द टंकित केला तो माझे स्वतःचे नाव, आणि त्यातल्या पहिल्याच मात्रेने बिंग फोडले. ज्यांनी देवनागरी टाइपरायटर हाताळलेला नाही त्यांच्यासाठी थोडे स्पष्ट करतो. इंग्रजी यंत्रात अक्षराची कोणतीही कळ दाबली की कॅरेज एक घर पुढे जाते. देवनागरीत मात्र एकार, उकार, अनुस्वार यांसारखी चिन्हे अक्षराच्या डोक्यावर किंवा पायाशी बसवायची असल्यामुळे त्या कळांची रचनाच अशी असते की त्या दाबल्यावर कॅरेज जागेवर थांबते. माझ्या यंत्रात अशी एकही कळ नव्हती. उकार दाबला की तो एक घर पुढे जाऊन एकटाच उभा राहत होता. ‘कमल नमन गवत भजन’ या शब्दांत वर-खाली बसणारे एकही चिन्ह का नव्हते, हे मला तेव्हा उमगले. ते शब्द सहज सुचलेले नव्हते, निवडलेले होते.

मग मी यंत्र उघडले. पुढचे दोन दिवस मी जे पाहिले ते एखाद्या शवचिकित्सेसारखे होते. यंत्राचा सांगाडा इंग्रजी पोर्टेबलचा होता. अक्षराचा ठसा, म्हणजे टाइप, कळ दाबल्यावर कागदावर आपटणाऱ्या प्रत्येक दांडीच्या टोकाला डाख देऊन बसवलेला असतो. हे इंग्रजी टाइप काढून त्यांच्या जागी मोठ्या देवनागरी यंत्राचे टाइप डाखले होते. मोठ्या यंत्राच्या टाइपाची खाच पोर्टेबलच्या बारीक दांडीला जुळत नाही, म्हणून दांड्यांच्या टोकांवर पत्र्याचे तुकडे भरून आणि काही टाइप कानशीने घासून ते कसेबसे बसवलेले होते. इंग्रजी यंत्राची घरे सामान्यतः इंचाला दहा किंवा बारा असतात, तर हे टाइप त्याहून रुंद घरांसाठी घडवलेले असल्यामुळे प्रत्येक अक्षराची शिरोरेषा पुढच्या अक्षराच्या अंगावर चढत होती. हाताने डाखलेले असल्यामुळे कोणताच टाइप दुसऱ्याच्या पातळीत नव्हता आणि सबंध ओळ जिन्याच्या पायऱ्यांसारखी वर-खाली जात होती. ज्या शिरोरेषेविषयी मी एवढ्या ऐटीत प्रश्न विचारला होता तिची ही अवस्था होती. चित्रफीत दुरून आणि तिरकी काढलेली असल्यामुळे यातले काहीच दिसले नव्हते.

रोलरचे रबर दगडासारखे कडक होते. त्यावर पॉलिश पेपर मारून टायरला लावतात तसे काळे पॉलिश फासले होते आणि ते कागदाच्या पाठीवर उतरत होते. स्क्रूंच्या खाचांमध्येही रंग भरलेला होता, याचा अर्थ यंत्र न खोलता वरूनच फवारा मारलेला होता. ज्याने खरोखर यंत्र दुरुस्त केले आहे त्याच्या स्क्रूंच्या खाचा कधीही अशा नसतात. क्रमांकाची जागा ग्राइंडरने सपाट केलेली होती; मला पाठवलेले छायाचित्र दुसऱ्याच यंत्राचे होते. कळांच्या टोप्यांवर देवनागरी अक्षरे छापलेल्या कागदी चकत्या चिकटवलेल्या होत्या आणि दोन ठिकाणी त्यांच्याखालची इंग्रजी अक्षरे उजेडात स्पष्ट दिसत होती.

सर्वांत लाजिरवाणी बाब अशी की, यंत्रावर बेचाळीसच दांड्या होत्या. म्हणजे शिफ्ट धरून प्रत्येक दांडीवर दोन, अशी चौऱ्याऐंशी चिन्हे, आणि त्यात काही अक्षरांना जागाच उरलेली नव्हती. जाहिरातीतल्या पहिल्याच छायाचित्रात कळफलक समोरून काढलेला होता. माझ्याकडच्या मोठ्या देवनागरी यंत्राशेजारी ते छायाचित्र धरून मी नुसत्या कळा मोजल्या असत्या, तरी पुरे होते. मी रंग पाहत बसलो.

डाख काढून टाइप वेगळे केले तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली आणि तिचे दुःख अजून ओसरलेले नाही. ल मराठी वळणाचा होता, श हिंदी वळणाचा. काही टाइपांची रेषा जाड होती, काहींची बारीक. म्हणजे हे एक बनावट यंत्र उभे करण्यासाठी किमान दोन चांगली देवनागरी यंत्रे मोडली गेली होती, आणि ती आता कोणत्या तरी भट्टीत वितळून गेली असणार.

विक्रेत्याला मी छायाचित्रे पाठवली. प्रवासात यंत्राला धक्का लागला असेल, असे उत्तर आले. धक्क्याने इंग्रजी टाइप देवनागरी होत नाहीत, असे मी लिहिले. त्यानंतर त्याचा दूरध्वनी क्रमांक माझ्यासाठी कायमचा बंद झाला. ऑनलाइन फसवणुकीसाठी असलेल्या १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर मी तक्रार नोंदवली (यंत्राचे सांगितलेले सालही १९३०च असावे, हा नियतीचा विनोद), परंतु शेवटचे पैसे पाठवून तोवर अकरा दिवस झाले होते आणि रक्कम त्या खात्यातून केव्हाच पुढे गेली होती. हा क्रमांक पैसे गेल्याबरोबर लावला, तर रक्कम मध्येच गोठवता येण्याची शक्यता असते. मी मात्र पार्सल येईपर्यंत निश्चिंत होतो आणि आल्यानंतरचे तीन दिवस विक्रेत्याशी वाद घालण्यात घालवले. आपण ज्याला आजवर चारशेवीस म्हणत आलो ते कलम आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झाले आहे, हेही मला याच निमित्ताने कळले. वस्तू मिळालेली असल्यामुळे हा फसवणुकीचा नव्हे तर दर्जाचा वाद आहे, असा युक्तिवाद समोरून होऊ शकतो, हे मला सांगण्यात आले. तो मोडून काढायचा तर मूळ जाहिरात, संभाषण आणि यंत्राच्या आतल्या भागांची छायाचित्रे हाच पुरावा असतो. जाहिरात तोवर काढून टाकलेली होती. सुदैवाने चित्रफीत माझ्याकडे होती.

देवनागरी यंत्र दुरून विकत घेणाऱ्यांना मी आता एवढेच सुचवतो की, विक्रेत्याने निवडलेला मजकूर पाहू नये, आपण दिलेले वाक्य त्याच दिवसाच्या तारखेसह टंकित करून मागावे, आणि त्या वाक्यात उकार, एकार, रफार व अनुस्वार भरपूर असावेत. कागदाचे छायाचित्र सरळ वरून काढलेले असावे, म्हणजे शिरोरेषा दिसते. क्रमांकाच्या छायाचित्रात यंत्राचा आजूबाजूचा भाग आलाच पाहिजे. खरा मालक या मागण्यांनी चिडत नाही. उलट माझ्या अनुभवात तो उत्साहाने दोन छायाचित्रे जास्तच पाठवतो.

तीन आठवड्यांपूर्वी तीच जाहिरात दुसऱ्या नावाने पुन्हा दिसली. या वेळी किंमत २४,००० रुपये आहे, संस्थान बदललेले आहे आणि यंत्र आजोबांऐवजी मामांचे झाले आहे. चित्रफीत मात्र तीच आहे, कमल, नमन, गवत, भजन. आणि तिच्याखाली गुणवर्णनाची एक नवी ओळ आहे, जी पूर्वीच्या जाहिरातीत नव्हती: ‘रोलरवर नवे रबर, शिरोरेषा अखंड, क्रमांक तपासून घ्यावा.’