म्हाडा, सिडको की व्याज अनुदान? पहिल्या घराचा हिशेब, हप्ता थकण्याची शक्यता धरून

मुंबई महानगर प्रदेशात वर्षाला नऊ लाखांपर्यंत कमावणाऱ्या कुटुंबापुढे पहिल्या घरासाठी सरकारी आधाराचे तीन रस्ते आहेत. एक म्हाडाची सोडत, दुसरा सिडकोची नवी मुंबईतली घरं आणि तिसरा, बाजारातलं घर घेऊन प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मधलं व्याज अनुदान. बहुतेक जण किंमत पाहून रस्ता धरतात. त्याआधी तीन गोष्टी तपासायला हव्यात: हातात रोख किती लागेल, ती किती दिवसांत लागेल, आणि उद्या हप्ता झेपेनासा झाला तर घर विकून मोकळं होता येईल का. तिसरा प्रश्न कुणी विचारतच नाही. म्हाडा, सिडको किंवा महापालिका थकलेला हप्ता भरायला पैसे देत नाहीत. सरकारी हात घर मिळेपर्यंत पाठीशी असतो, पुढचा व्यवहार तुमचा आणि बँकेचा.

म्हाडा: नशिबाइतकीच तयारी

मे २०२२ पासून मुंबई महानगर प्रदेश, पुणे आणि नागपूर महानगर क्षेत्रांत वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अशी आहे: अत्यल्प गट सहा लाखांपर्यंत, अल्प गट सहा ते नऊ लाख, मध्यम गट नऊ ते बारा लाख, त्यापुढे उच्च गट. कुटुंब म्हणजे अर्जदार आणि पती किंवा पत्नी, म्हणून दोघांचं उत्पन्न एकत्र धरलं जातं. बायकोच्या शिकवण्यांचे किंवा नवऱ्याच्या जोडधंद्याचे पैसे विवरणपत्रात दिसत असतील आणि अर्जात नसतील, तर सोडतीत नाव येऊनही घर हातचं जातं. पुरावा म्हणून आयकर विवरणपत्र किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, नुसत्या पगाराच्या स्लिपवर भागत नाही. अधिवास दाखला १ जानेवारी २०१८ नंतरचा, बारकोड असलेला हवा. जुना असेल तर जाहिरातीची वाट न पाहता आजच नवा काढून ठेवा.

अर्जाचे ५९० रुपये परत मिळत नाहीत. अनामत रक्कम नंबर न लागल्यास परत येते. नंबर लागण्याची शक्यता किती? ऑक्टोबर २०२४ च्या मुंबई सोडतीत २,०३० घरं होती आणि अनामत भरलेले अर्ज एक लाख तेरा हजारांच्या वर. सरासरी काढली तर एका घरामागे पंचावन्नहून अधिक अर्जदार. ही शक्यता धरून तीन-चार वर्षं भाड्याच्या घरात थांबणं परवडत नसेल, तर एकट्या म्हाडावर विसंबू नका.

म्हाडा म्हणजे स्वस्त, हेही सरसकट खरं नाही. २०२३ च्या सोडतीत ताडदेवचं घर साडेसात कोटींचं होतं, तर गोरेगावच्या पहाडी भागातली अत्यल्प गटाची घरं साधारण साडेतीस लाखांची. या दुसऱ्या आकड्यापाशी जरा थांबू. साडेतीस लाखांवर नव्वद टक्के, म्हणजे सुमारे साडेसत्तावीस लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता २३,८०० च्या आसपास बसतो. महिना पन्नास हजार मिळवणाऱ्याला तो कसाबसा पेलतो. वर्षाला चार लाख मिळवणाराही याच गटात पात्र आहे, पण तेहतीस हजारांच्या महिन्यावर एवढं कर्ज कुठली बँक देणार? घर लागूनही परत करावं लागण्यामागे पुष्कळदा हेच असतं. म्हणून अर्ज करण्याआधीच बँकेकडून कर्जाची तत्त्वतः मंजुरी घ्या. देकार पत्र, म्हणजे घर देऊ करणारं म्हाडाचं पत्र, आलं की आधी पंचवीस टक्के आणि मग उरलेले पंचाहत्तर टक्के ठरलेल्या मुदतीत भरायचे असतात. पहिला टप्पा बँकेचं कर्ज हाती पडण्याआधीच दारात उभा राहतो, तेव्हा तो कुठल्या खात्यातून भरणार ते आधीच ठरलेलं हवं.

ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं म्हाडाचं घर विकता येत नाही. ही अट जाहिरातीत छोट्या अक्षरात असली तरी निर्णयाच्या दृष्टीने मोठी आहे. पहिल्या पाच वर्षांत नोकरी गेली, तर घर विकून कर्ज फेडायचा सरळ मार्ग बंद असतो.

शहरांतल्या मोठ्या खासगी प्रकल्पांतली वीस टक्के घरंही म्हाडाच्या सोडतीतूनच जातात. तिथे पैसे बिल्डरला द्यायचे असतात. करारात पार्किंग, क्लब, सोसायटीचं आगाऊ देखभाल शुल्क असं काय काय जोडलंय, ते सही करण्याआधी ओळ न ओळ वाचा.

सिडको: पसंती तुमची, किंमतही सोसायची

ऑक्टोबर २०२४ मध्ये सिडकोने ‘माझे पसंतीचे सिडकोचे घर’ ही २६ हजार घरांची योजना आणली. ठिकाण स्वतः निवडता येणं हा तिचा मोठा गुण. पण जानेवारी २०२५ मध्ये किमती जाहीर झाल्या तेव्हा तळोज्यातलं अत्यल्प गटाचं घर पंचवीस लाखांच्या आसपास आणि खारघर स्थानकाजवळचं अल्प गटाचं घर सत्त्याण्णव लाखांचं निघालं. योजना एकच, हप्त्यात मात्र चौपटीच्या जवळ जाणारा फरक. घरात मिळवते दोघं असतील आणि रोजचा प्रवास हार्बर मार्गावर असेल, तर तळोजा, बामणडोंगरी, खारकोपर यांचा विचार जरूर करा. एकाच्याच पगारावर साठ लाखांच्या पुढचं घर पसंतीत टाकू नका.

व्याज अनुदान: दिसतं मोठं, येतं हळूहळू

प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० सप्टेंबर २०२४ पासून लागू आहे. तिच्यातलं व्याज अनुदान वार्षिक उत्पन्न नऊ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असेल तरच मिळतं. कर्जाच्या पहिल्या आठ लाखांवर चार टक्के, बारा वर्षांच्या मुदतीपर्यंत, आणि एकूण जास्तीत जास्त १.८० लाख. ही रक्कम पाच वार्षिक हप्त्यांत, म्हणजे वर्षाला फार तर ३६ हजार, अशी कर्जखात्यात येते. २०२२ पर्यंत चाललेल्या जुन्या योजनेत २.६७ लाखांपर्यंतचं अनुदान एकदम जमा होत असे, म्हणून अजूनही अनेक जण त्या हिशेबाने बजेट आखतात आणि अडकतात. दर हप्त्याच्या वेळी कर्ज चालू असलं पाहिजे आणि मुद्दलाचा निम्म्याहून अधिक भाग बाकी असला पाहिजे. तेव्हा पहिल्या पाच वर्षांत भविष्य निर्वाह निधी काढून मोठी परतफेड करण्याआधी ही अट तपासा.

मर्यादांची बेरीज करून पाहा. घर ३५ लाखांचं आणि कर्ज २५ लाखांचं, म्हणजे दहा लाख स्वतःचे. त्यावर सात टक्क्यांनी मुद्रांक शुल्क २.४५ लाख आणि नोंदणीचे ३० हजार. सुमारे पावणेतेरा लाख रोख लागतात, आणि मुद्रांक व नोंदणीच्या खर्चाला बँक सहसा कर्ज देत नाही. घर सत्तावीस लाखांचं असेल तर नव्वद टक्के कर्ज मिळून स्वतःचे पाच लाखांच्या आत भागतात. त्यामुळे ही योजना खऱ्या अर्थाने उपयोगी पडते ती बदलापूर, अंबरनाथ, विरार, पनवेलच्या आसपास, पंचवीस-सत्तावीस लाखांच्या घरांना.

दोन ठिकाणी लोक हमखास अडखळतात. पहिलं म्हणजे गावाकडचं घर. या योजनेसाठी देशात कुठेही तुमच्या, जोडीदाराच्या किंवा अविवाहित मुलांच्या नावावर पक्कं घर नसावं लागतं. म्हाडा मात्र सोडतीतलं घर ज्या महापालिका हद्दीत आहे तिथलं मालकीचं घर पाहते. चिपळूणजवळचं घर वारसाने तुमच्या नावावर चढलं असेल, तर अनुदान जातं पण मुंबईच्या सोडतीचा रस्ता उघडा राहतो. दुसरं म्हणजे मालकी कुणाच्या नावे. महाराष्ट्रात फक्त महिलेच्या नावे खरेदी असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, नवऱ्यासोबत संयुक्त नाव असेल तर नाही. नवरा मालक न होता सहकर्जदार राहू शकतो. मात्र मग जुन्या करपद्धतीत व्याजाची वजावट त्याला मिळत नाही. दोन्ही आकडे समोर ठेवूनच करार करा. आणि सिडको किंवा म्हाडाच्या घरावर आवास योजनेचं थेट अनुदान घेतलं असेल, तर त्यासोबत व्याज अनुदान मिळत नाही.

आमचं मत विचाराल तर: पगार नियमित, पाच-सहा लाखांची रोख शिल्लक आणि नोकरी बदलण्याची शक्यता असेल, तर व्याज अनुदानाचं घर बरं, कारण गरज पडल्यास ते विकता येतं. नोकरी पक्की असेल आणि पाच वर्षं हलायचंच नसेल, तर म्हाडाइतका चांगला सौदा नाही. सोडतीचा अर्ज मात्र दोन्ही प्रकारच्या कुटुंबांनी टाकत राहावा.

हप्ता अडला तर

कर्ज नव्वद दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे बुडीताकडे झुकलेलं कर्ज, ठरतं आणि सरफेसी कायदा, २००२ लागू करता येतो. या कायद्याने बँक कोर्टात दावा न लावता तारण घर ताब्यात घेऊन विकू शकते. ५ मे २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सहकारी बँकांनाही हा कायदा वापरता येतो हे पक्कं झालं. पतसंस्था वसुलीसाठी सहकार कायद्याच्या कलम १०१ चा दाखला घेतात, तो मार्ग वेगळा.

खरी संधी पहिल्या नव्वद दिवसांत असते. पहिला हप्ता चुकताच शाखेत लेखी अर्ज द्या: मुदत वाढवून हप्ता कमी करावा, किंवा काही महिने फक्त व्याज भरू द्यावं. दर वाढला तर हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडण्याची मुभा देण्याचे आदेश रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्येच दिले आहेत. एनपीए झाल्यावर एखाद-दुसरा हप्ता भरून खातं नियमित होत नाही, सगळी थकबाकी भरावी लागते. म्हणून नातेवाइकांकडून उसने घ्यायचेच असतील, तर ते ऐंशीव्या दिवसाआधी घ्या.

सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) ची, म्हणजे देणं फेडा असं सांगणारी, नोटीस आली की साठ दिवस मिळतात. हिशेबात चूक असेल, व्याजाची आकारणी पटत नसेल, तर आक्षेप लेखी द्या आणि पोच घ्या. बँकेला पंधरा दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नोटीस घेतलीच नाही तर मुदत थांबते, असा समज घातक आहे. मुदत सरते आणि बँक ताब्याकडे वळते.

या साठ दिवसांत स्वतः गिऱ्हाईक शोधून, बँकेच्या संमतीने घर विकणं हा बहुतेक वेळा सगळ्यांत कमी नुकसानीचा उपाय असतो. लिलावात भाव पडतो, आणि कर्जापेक्षा रक्कम कमी आली तर उरलेलं देणं तुमच्याच डोक्यावर राहतं. म्हाडाच्या पाच वर्षांच्या अटीत अडकलेल्या घराला हा उपाय उपलब्ध नाही. तिथे एकरकमी तडजोडीची बोलणी लवकर सुरू करा आणि ठरलेली रक्कम व तारीख बँकेच्या पत्रावर घ्या, तोंडी कबुलीवर पैसे भरू नका.

ताब्याच्या कारवाईविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणात पंचेचाळीस दिवसांत दाद मागता येते. पण सगळं देणं चुकवून घर सोडवण्याचा हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच टिकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. वसुलीच्या माणसांनी सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर फोन केला, तर तारीख-वेळेसह बँकेच्या तक्रार विभागाला लेखी कळवा. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, तिला शुल्क नाही.