शिवी बघायला गेलो आणि गाईडने शिवीच गाळली

मागच्या रविवारी अलिबाग साईडला गधेगाळ, म्हणजे शिवी कोरलेले जुने दगड, बघायची एक दिवसाची ट्रीप केली, माणशी 1400, नाश्ता जेवण बस सगळं धरून. मांडव्याला उतरलो तर बसचा पत्ता नाही, फोन लावला तर "पोचतोच आहे साहेब" आणि मागून गॅरेजमधली ठोकाठोकी ऐकू येतेय. पाऊण तास गेला. आमच्यातल्या एक काकू "मुडदा बशिवला ह्याचा" म्हणाल्या आणि तिथेच ट्रीपचं उद्घाटन झालं.

दगड मात्र एक नंबर. माहीत नसेल तर सांगतो, शिलाहार राजांच्या काळापासून जमीन वगैरे दान दिली की असा दगड रोवायचे, वर चंद्रसूर्य, म्हणजे ते आहेत तोवर दान चालू, मधे लेख आणि खाली गाढव आणि बाई. दान मोडणाऱ्याच्या आईवर गाढव, सरळ हिशोब. गाळ म्हणजे शिवीच. वाचता येत नसेल त्याच्यासाठी चित्र! एक दगड तर देवळामागे पिंपळाखाली सापडला, लोकांनी शेंदूर फासून देव केलाय, गाढवाच्या कानापाशी उदबत्तीची राख.

गाईड पोरगा हुशार आहे, खोटं कशाला बोलू. टॉर्च दगडाला चिकटवून तिरका मारला आणि जी अक्षरं दिसतच नव्हती ती वर उठून आली. पण ऐन जागी आला की "इथे थोडा असभ्य मजकूर आहे" म्हणून पुढे. अरे बाबा, त्या मजकुरासाठीच तर आलोय, तोच त्या दगडाचा पोलीस आहे! परळच्या शके 1108 च्या लेखात बाकी सगळं संस्कृत आणि शिवी तेवढी मराठीत, कारण ज्याला द्यायची त्याला कळायला नको का? हेसुद्धा गाईडने नाही, जेवताना एका रिटायर्ड सरांनी सांगितलं.

काकू सुखेड-बोरीकडच्या निघाल्या, सातारा, खंडाळा तालुका. तिकडे नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी बोरीचा बार असतो, दोन गावच्या बायका ओढ्याच्या दोन काठांना उभ्या राहून हातवारे करत एकमेकींना शिव्या घालतात, खाली हलगी. काकूंनी गाढवावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "आमची शिवी वड्यातनं वाहून जाती, ही बघ, बसलीय अजून."

जेवण ठीक, सोलकढी पाणचट.

साडेतीन स्टार. अर्धा बससाठी कापला, एक त्या "असभ्य मजकुरा"साठी. पोरांना न्यायचं तर न्या, आमच्या पंगतीत सातवीतल्या एकाने आईला मोठ्याने विचारलं, "पण गाढवच का?" आईने त्याच्या ताटात अजून एक भाकरी वाढली.