डीबीएचे (डेटाबेस सांभाळणाऱ्याचे) सगळे अ‍ॅक्सेस काढले असं लेखी दिलं, तरी माणूस आत येतच होता

ओरॅकल डेटाबेस बाहेरच्या एजन्सीकडून सांभाळून घेत असाल तर हे पूर्ण वाचा. आमचं काँट्रॅक्ट संपलं तेव्हा एजन्सीने हँडओव्हरच्या कागदावर सही करून दिली की एजन्सीच्या माणसांचे सगळे अ‍ॅक्सेस बंद केलेत, त्यांच्याच डीबीएने आमच्यासमोर बसून सिस आणि सिस्टीम या ओरॅकलच्या दोन्ही अ‍ॅडमिन खात्यांचे पासवर्ड बदलले आणि नवे पासवर्ड बंद पाकिटात दिले. सगळं रीतसर. फसवणूक तिथेच झाली कारण त्याला पासवर्ड लागतच नव्हता.

लिनक्स सर्व्हरवर त्याचं वेगळं लॉगिन होतं आणि ते डीबीए ग्रुपमध्ये होतं. या ग्रुपमधल्या माणसाने सर्व्हरवर शिरून एसक्यूएलप्लसमध्ये (ओरॅकलला कमांड द्यायचं टूल) 'कनेक्ट स्लॅश अ‍ॅज सिसडीबीए' (सिसडीबीए म्हणजे डेटाबेसवरचा सर्वोच्च अधिकार) एवढं टाईप केलं की ओरॅकल काही न विचारता आत घेतं, कारण त्याची ओळख ऑपरेटिंग सिस्टीमने आधीच पटवलेली असते, मग तुम्ही सिसचा पासवर्ड रोज बदला नाहीतर तासाला बदला. विंडोजवर हेच काम ओआरए_डीबीए ग्रुप करतो. वर पासवर्ड फाइलमध्ये (सिसडीबीएसारखे अधिकार दिलेल्यांची नावं यात असतात) बॅकअपचा वाटावा अशा नावाचा एक यूजर सिसडीबीए देऊन ठेवलेला, आणि बाहेरून आत यायचा व्हीपीएनही चालूच.

मग त्याने सप्लायरचा बँक अकाउंट नंबर थेट टेबलमध्ये बदलला, पेमेंट गेलं, आणि नंतर जुना नंबर परत टाकला. अ‍ॅप्लिकेशनच्या लॉगमध्ये काहीच नाही, असणार कसं, अ‍ॅप्लिकेशनमधून काही झालंच नव्हतं. ऑडिटच्या टेबलमधल्या ओळीपण उडवलेल्या. सप्लायर पैशासाठी फोन करायला लागला तेव्हा संशय गेला आमच्या अकाउंट्समधल्या मॅडमवर, त्यांची बिचाऱ्यांची चौकशी सुरू झाली, याचा मला पैशापेक्षा जास्त राग आहे.

त्या सुटल्या ते .एयूडी फाइलींमुळे. आमच्या जुन्या व्हर्जनमध्ये ऑडिटिंग बंद असलं तरी सिसडीबीए म्हणून कोण आत आलं ते ओरॅकल सर्व्हरवरच्या या फाइलींमध्ये लिहितंच. फाइली ओरॅकल यूजरच्या मालकीच्या, त्याच्या लॉगिनने त्या तशा डिलीट होत नव्हत्या म्हणून राहिल्या. क्लायंट यूजरपुढे त्याचंच लॉगिन, आणि वेळ काँट्रॅक्ट संपल्यानंतरची.

आता आम्ही हँडओव्हरला सही बघत नाही, स्क्रीनवर आउटपुट बघतो. ईटीसी ग्रुप फाइलमध्ये डीबीए ग्रुपमध्ये कोण आहे, व्ही डॉलर पीडब्ल्यूफाइल युजर्समध्ये (पासवर्ड फाइलमधल्या नावांची यादी) कोणाची नावं आहेत, डीबीए रोल कोणाला आहे, आणि हे आपल्या माणसाने चालवायचं, जाणाऱ्याने नाही. नुसता बॅकअप घेणाऱ्याला सिसडीबीए देऊ नका, 12सी पासून त्यासाठी सिसबॅकअप हा वेगळा अधिकार आहे. आमच्यासारख्या जुन्या व्हर्जनमध्ये ऑडिट सिस ऑपरेशन्स हे सेटिंग ट्रू करा म्हणजे सिसडीबीएने आत येऊन काय चालवलं तेपण लिहिलं जातं, आणि ते सिसलॉगने (सर्व्हरचे लॉग दुसरीकडे पाठवायची सोय) अशा मशीनवर पाठवा जिथे डीबीएला लॉगिनच नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. एसक्यूएल सर्व्हरवाल्यांनी एसए या मुख्य खात्यासोबत सिसअ‍ॅडमिन रोलमधली सगळी नावं बघा, पोस्टग्रेसवाल्यांनी पीजी_एचबीए फाइलमध्ये (कोणाला कसं आत घ्यायचं ते यात लिहिलेलं असतं) ट्रस्ट लिहिलेल्या ओळी शोधा, तिथेही पासवर्ड विचारत नाहीत.

तक्रार दिली आहे. एजन्सी म्हणते तो आता आमच्याकडे नाही. पण ते सहीचं पत्र त्यांचंच आहे आणि ते आम्ही .एयूडी फाइलींच्या कॉपीसोबत जोडलंय.