नवी म्हणून जुनी ब्रेक डिस्क गळ्यात मारली

पुढच्या चाकांच्या ब्रेक डिस्क (चाकासोबत फिरणारी लोखंडी तबकडी) आणि तिला दाबून धरणारे पॅड घरीच बदलायचे म्हणून सगळं ऑनलाइन मागवलं. बॉक्स कोरे करकरीत, डिस्कला काळा रंग, वर तेलाचा पातळ हात. नवी डिस्क गंजू नये म्हणून बहुतेक वेळा तेल लावलेली येते, त्यामुळे संशय येण्याचं कारण नव्हतं. प्रत्यक्षात त्या जुन्याच डिस्क होत्या, लेथवर तासून रंगवलेल्या.

कळलं ते तेल पुसताना. ब्रेक क्लीनर मारून फडकं फिरवलं तर मधल्या भागाचा रंग फडक्याला आला आणि खाली गंजाचे खड्डे उघडे पडले. बोल्टच्या भोकांभोवती चाक आवळल्याचे वण. हवा खेळण्याच्या खाचांत ब्रेकची काळी धूळ घट्ट बसलेली. जाडी मोजायचा मायक्रोमीटर लावला. माझ्या गाडीची नवी डिस्क २२ मिमी जाड असते, ही २०.३ भरली. किमान जाडीचा आकडा सहसा डिस्कवरच कोरलेला असतो, तो इथे ग्राइंडरने घासून काढला होता. सर्वांत जास्त संताप याचा आला. ब्रेकच्या सामानात हे कुणी जाणूनबुजून करतं!

विक्रेता म्हणाला, "किमान २० आहे ना, मग चालेल." अजिबात नाही. किमान जाडी म्हणजे डिस्क भंगारात टाकायची हद्द. पातळ डिस्क उष्णता कमी सामावते, लांब उतारावर लवकर तापते आणि तडकूही शकते. मग त्याने दुसरं टुमणं लावलं, बसवलेला माल परत घेत नाही. पण डिस्क हबला, म्हणजे चाक जिथे बसतं त्या भागाला, लागल्याच नव्हत्या. बॉक्स उघडतानाचे आणि मायक्रोमीटरवरच्या आकड्याचे फोटो पाठवले, तेव्हा कुठे पैसे परत आले.

म्हणून कळकळीने सांगतो, जॅक लावायच्या आधी नवं सामान तपासा. गाडी स्टँडवर, जुनी डिस्क निघालेली, अशा वेळी माणूस हाती आहे ते बसवून मोकळा होतो, आणि असे लोक त्यावरच जगतात. डिस्कची जाडी चार-पाच ठिकाणी मोजा. पॅडच्या पाठीमागच्या पत्र्यावर कोड आहे का पाहा; नुसत्या बॉक्सवर काहीही छापता येतं. पॅडची कड नखाने खरवडून भुगा पडला किंवा मसाला (डिस्कवर घासणारा थर) पत्र्यापासून सुटलेला दिसला, तर तो पॅड बसवू नका. बॉक्स, पावती, फोटो मात्र फेकू नका. पैसे मागताना तेच लागतात.